आळीत पाहुणा यावा, तो कसा? : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबई येथे येणारा पर्यटक ठरावीक चार ठिकाणे पाहून परत जातो. त्याला जुन्या, कमी माहीत असलेल्या वस्त्यांकडे कसे वळवता येईल, याविषयी आम्ही मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगीपणाचा विचार करून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या भाच्याचे परप्रांतातील सहकारी अधूनमधून आमच्याकडे मुक्कामाला येतात. "ठाण्यात पाहण्यासारखे काय आहे?" असे ते विचारतात आणि आम्ही त्यांना उपवन तलाव, एखादा मॉल आणि मिसळ यांपलीकडे काही सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ते लोकल पकडून गेटवेला जातात. आम्ही कोठून सुरुवात करावी? (एक वाचक, चरई, ठाणे)

उपवन आणि मिसळ यांत वावगे काहीच नाही. पण आपण स्वतः चरईत राहता आणि आपल्या दारापासून पायी पाच-दहा मिनिटांवर ठाण्याचा बहुतेक इतिहास उभा आहे. तेव्हा पाहुण्यांना वाहनात बसवूच नका. सकाळी सात-साडेसातला तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, या आणि कौपिनेश्वराच्या देवळापासून सुरुवात करा.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी येथे होती. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वृत्तांतात ठाण्याच्या राज्याचा आणि येथून निघणाऱ्या कातड्याच्या व सुती कापडाच्या व्यापाराचा उल्लेख केला आहे. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी त्यांच्याकडून ठाणे घेतले आणि १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. एवढी पार्श्वभूमी पाहुण्यांना तलावाच्या कठड्याशी उभे राहून दोन मिनिटांत सांगता येते, आणि त्यानंतर दिसणारी प्रत्येक वास्तू या साखळीतल्या कोणत्या तरी कडीशी जोडलेली असते. कौपिनेश्वराच्या देवळाचा मराठा आमदानीत, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी जीर्णोद्धार केला. तलावाला वळसा घातला की पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च लागते. तेथून जांभळी नाक्याच्या भाजी-फुलांच्या बाजारातून टेंभी नाक्याकडे निघाले की पारशी मंडळींची अग्यारी, म्हणजे अग्निमंदिर, आहे. तिच्यात पारशीखेरीज इतरांना प्रवेश नसतो, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

टेंभी नाक्यावरच 'शआर हाशामाईम' हे बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाचे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, आणि माझ्या मते या साऱ्या फेरीत सर्वाधिक वेळ द्यावा असे ठिकाण तेच आहे. कोकणाच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे हे लोक घरात मराठीच बोलत आले. शुभकार्याआधी किंवा नवस फेडताना त्यांच्याकडे जो 'मलिदा' होतो, त्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि सुकामेवा कालवून मोठ्या ताटात रचतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून तो प्रसाद सर्वांना वाटतात. ज्याने ज्यू धर्माविषयी केवळ युरोपच्या संदर्भात वाचले आहे, त्याला आपल्या गोपाळकाल्याच्या इतक्या जवळचा हा पदार्थ समजावून सांगितला की पुढचे प्रश्न तो आपणहून विचारू लागतो. येथे जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, ओळखपत्र बरोबर ठेवावे, डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा टोपी असावी आणि शनिवार टाळावा.

फेरीचा शेवट ठाणे कारागृहाच्या बाहेरून करता येईल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्याचे इंग्रज अमदानीत तुरुंगात रूपांतर झाले. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये येथूनच निसटले. नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले. हे कार्यरत कारागृह असल्यामुळे छायाचित्रे घेऊ नयेत. तटाकडे पाहत रस्त्यावरूनच ही हकिकत सांगावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. एका सकाळी एवढेच पुरे. त्याच दिवशी येऊर, घोडबंदर आणि उपवनही उरकण्याचा मोह आवरा, कारण घाईने पाहिलेली दहा ठिकाणे पाहुण्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळून जातात आणि ज्या आळीत तो थांबला, कोणाशी तरी बोलला, काही विकत घेतले, ती आळीच काय ती त्याच्या लक्षात राहते.

प्रश्न : मुंबईत उतरलेल्या पर्यटकाला गर्दीच्या लोकलमधून ठाण्याला बोलावणे व्यवहार्य आहे काय? (एक वाचक, कळवा)

नक्कीच आहे. सकाळची गर्दी ठाण्याकडून मुंबईकडे जाते आणि संध्याकाळची उलट दिशेने येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सकाळी ठाण्याला येणारा आणि दुपारनंतर परतणारा पाहुणा दोन्ही वेळा गर्दीच्या उलट प्रवास करतो. त्याने दादरला न चढता मूळ स्थानकात चढावे, म्हणजे खिडकीही मिळते. शिवाय हाच देशातील पहिल्या प्रवासी गाडीचा मार्ग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली चौदा डब्यांची गाडी सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली होती, हे निघण्यापूर्वी सांगितले तर प्रवासही पर्यटनाचाच भाग होतो. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

प्रश्न : आमच्या कोळीवाड्यात अलीकडे कॅमेरे घेऊन मंडळी येतात. मासळी साफ करणाऱ्या बायकांचे, वाळत घातलेल्या जाळ्यांचे, कधी कधी उघड्या दारातून घरातलेही फोटो काढतात आणि निघून जातात. आम्हांला याचा काय उपयोग? तुम्ही अशा लोकांना आणखी बोलावणार आहात काय? (एक रहिवासी, चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

आपला राग रास्त आहे आणि या स्तंभात सर्वांत सविस्तर उत्तर आपल्याच पत्राला द्यायला हवे. ज्या भेटीतून वस्तीला काही मिळत नाही आणि जिच्यासाठी वस्तीला विचारलेलेही नाही, तिला प्रोत्साहन देण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

हा त्रास जगभर अनुभवास आलेला आहे. जपानमधील क्योटो शहराच्या गिओन भागात पारंपरिक वेशातील कलावंत स्त्रियांचा पाठलाग करून छायाचित्रे घेणाऱ्या पर्यटकांमुळे रहिवासी इतके त्रासले की २०२४ मध्ये तेथील खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद करण्यात आल्या आणि नियम मोडणाऱ्यास १०,००० येन दंडाचे फलक लागले. व्हेनिसने त्याच वर्षी २५ एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. दोन्हीकडे उपाय योजले गेले ते पाणी डोक्यावरून गेल्यानंतर. चेंदणीत ती वेळ आलेली नाही, म्हणूनच नियम आता आणि आपण स्वतः ठरवावेत असे मला वाटते.

हे नियम जमातीच्या बैठकीत ठरले तर त्यांना वजन येईल. पाहुण्यांना कोणत्या वारी, किती वाजता आणि एका वेळी किती जणांना यावे, हे वस्तीने सांगावे. माझी सूचना अशी की एका गटात आठ-दहापेक्षा अधिक माणसे नसावीत आणि वस्तीतला एक तरी माणूस वाटाड्या म्हणून बरोबर असल्याखेरीज गटाला आत घेऊ नये. छायाचित्र काढण्यापूर्वी तोंडाने विचारणे आवश्यक ठेवावे. लहान मुलांचे आणि घराच्या आतले छायाचित्र तर पालकांच्या किंवा घरच्यांच्या होकाराविना कधीच नसावे. वाटाड्याचे मानधन आधी ठरलेले असावे आणि त्यातला काही हिस्सा वस्तीच्या सामाईक कामासाठी, उदाहरणार्थ देवळाच्या किंवा बंदराच्या देखभालीसाठी, वेगळा काढावा. पैशाचा हिशेब फळ्यावर उघड लिहिला तर वाद कमी होतात.

आता उपयोगाचा प्रश्न. तो केवळ मानधनाचा नाही. ठाण्याची खाडी एकेकाळी मासळीने भरलेली होती. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढत गेले, त्यांचे आणि शहरांचे सांडपाणी खाडीत आले, गाळ साचला आणि जाळ्यात येणारी मासळी घटली. ही गोष्ट कोळीवाड्याच्या तोंडून ऐकली तर मुंबईच्या, पुण्याच्या आणि परदेशच्या पाहुण्याला ती जितकी पटेल तितकी कोणत्याही अहवालातून पटणार नाही. याच खाडीच्या भागाला २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला आहे. पक्षी पाहायला येणाऱ्यांची संख्या मोठी असते, पण ज्यांना भरती-ओहोटीची घटका, चिखलातली निवटी, चिंबोरीचे बीळ आणि बोईचा थवा पाण्याच्या नुसत्या हालचालीवरून ओळखता येतो, ती माणसे त्यांना भेटतच नाहीत. आपल्याकडील एखाद्या अनुभवी नाखव्याने मीठबंदरावर बसून जाळे कसे विणतात, आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, आकार कोणत्या मासळीसाठी किती ठेवतात आणि लहान मासळी त्यातून का सोडून द्यायची असते, हे अर्धा तास दाखवले तर त्या अर्ध्या तासाचे मोल पाहुणा आनंदाने देईल. ते मागायला संकोच करण्याचे कारण नाही. ते पिढ्यानपिढ्यांचे कसब आहे.

रेल्वेने आपला कोळीवाडा पूर्व आणि पश्चिम असा दुभागला. १८५४ मध्ये हाच मार्ग खाडीवरचा पूल ओलांडून कल्याणपर्यंत गेला. देशातील रेल्वेचा आरंभ सांगताना फलक, इंजिने आणि साहेबांची नावे येतात. जिच्या अंगणातून रूळ गेले त्या वस्तीची बाजू मात्र कोणी सांगत नाही. ती सांगणारी फेरी चेंदणीवाल्यांनीच आखावी, आणि तसे होत नसेल तर बाहेरच्या कोणी आखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि बैठकीत "आम्हांला पाहुणे नकोत" असे ठरले, तर तो निर्णयही तितक्याच आदराने पाळला गेला पाहिजे. आमच्या वाचकांनी त्या दिवशी तलावपाळीवरून मागे फिरावे.

प्रश्न : आमचे खारकर आळीत जुने घर आहे. मुले परगावी आहेत. पाहुण्यांना घरी जेवू घालणे किंवा एक खोली मुक्कामाला देणे मला जमण्यासारखे आहे. पण कशी सुरुवात करावी हे कळत नाही. (एक गृहिणी, ठाणे)

ताई, मुक्कामाचे नंतर पाहू. आधी जेवणापासून सुरुवात करा. एका वेळी चार पाहुणे, महिन्यातून एक-दोन रविवार, एवढाच पसारा ठेवा आणि हॉटेलात मिळते ते मुळीच करू नका. आपल्या आळीत चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांची वस्ती पूर्वापार आहे आणि त्यांच्या घरचे वालाचे बिरडे, कोलंबीची खिचडी, श्रावणातले निनावे हे पदार्थ बाहेर क्वचितच मिळतात. पाहुण्यांना थेट ताटावर बसवण्याऐवजी तासभर आधी बोलवा. रात्रभर भिजवून फडक्यात बांधलेले मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून त्यांच्यासमोर ठेवा आणि सोलायला सांगा. बोटांच्या चिमटीत दाबताच साल एकीकडे आणि डाळिंबी, म्हणजे सोललेला वाल, दुसरीकडे निघते, हे पहिल्यांदा जमले की मोठी माणसेही मुलांसारखी रमतात, आणि सोलता सोलता ज्या गप्पा होतात त्यांतून त्यांना आपली आळी खरी कळते. नियमितपणे पैसे घेऊन जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्या.

खोली द्यायची ठरली तर राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करता येते. घर सोसायटीत असेल तर समितीला आधी लेखी कळवा. शेजाऱ्यांना पाहुणे अचानक जिन्यात भेटले की कुरबुर सुरू होते. परदेशी पाहुणा मुक्कामाला राहिला तर त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक आहे, आणि ते चुकवू नये.

प्रश्न : ठाण्याला इतिहास आहे. आमच्या नेरुळला सिडकोच्या इमारतींपलीकडे काय आहे, की पर्यटकाने येथे यावे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नवी मुंबई)

दोन गोष्टी आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या जन्माच्या कित्येक शतके आधीची आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली, पण सारसोळे, करावे, दिवाळे, वाशीगाव, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावे त्याआधीपासून खाडीकाठी आणि मिठागरांच्या कडेला नांदत होती. सेक्टरच्या सरळ रस्त्यावरून वळून गावठाणात शिरले की रस्ते अरुंद होतात, नाक्यावर गावदेवी भेटते आणि माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागतात. नियोजित शहर आणि त्याच्या पोटात उरलेले गाव हे दोन्ही पंधरा मिनिटांच्या चालीत पाहायला मिळणे ही नवी मुंबईची खास गोष्ट आहे. दिवाळ्याच्या धक्क्यावर सकाळी लवकर गेलात तर मासळीचा बाजार दिसेल, आणि जवळच बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत.

दुसरी गोष्ट बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. सात-सात घरे एका छोट्या अंगणाभोवती बसवली, असे तीन गट मिळून एक मोठे अंगण केले आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागणार नाही अशी मांडणी ठेवली, जेणेकरून कमी उत्पन्नाच्या कुटुंबालाही ऐपतीप्रमाणे आपले घर वाढवता यावे. लोकांनी ते खरोखरच वाढवले. अनेक मूळ घरे आता ओळखूही येत नाहीत. काही जाणकारांना याचे वाईट वाटते, मला वाटत नाही, कारण घर वाढवण्याची मुभा हाच त्या आराखड्याचा गाभा होता. वास्तुकलेचे विद्यार्थी येथे लांबून येतात, पण शेजारच्या नेरुळचे लोक फारसे फिरकत नाहीत. आपण मित्रांना घेऊन जा; तेथेही लोक राहतात, तेव्हा अंगणात शिरण्यापूर्वी विचारण्याचा शिष्टाचार चेंदणीइतकाच पाळा. हिवाळ्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीने रोहित पक्षी पाहण्याची सोय असते, तीही याच सहलीला जोडता येईल.

प्रश्न : आमच्या शाळेतील नववीच्या मुलांकडून उथळसर, महागिरी आणि चरई या भागांची माहितीपत्रके तयार करून घ्यावीत असा विचार आहे. माहिती कोठून घ्यावी? परिसरात भुयारे, खजिने अशा कथाही पुष्कळ ऐकू येतात. त्या घालाव्यात काय? (एक शिक्षिका, ठाणे)

विचार फार चांगला आहे. भुयारांच्या कथा मात्र माहितीपत्रकात घालू नका. 'असे सांगतात' म्हणून घातलेली गोष्ट वर्षभरात 'असे होते' म्हणून सगळीकडे फिरू लागते आणि मग तिच्यापुढे खरी माहिती फिकी वाटते. कथा सांगायच्याच असतील तर त्या फेरीत तोंडी सांगाव्यात, आणि त्या कथा आहेत हे त्याच वेळी स्पष्ट करावे.

लिखित आधारासाठी १८८२ साली प्रसिद्ध झालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर हा अजूनही पहिला टप्पा आहे; तो इंग्रजीत आहे, म्हणून मुलांना नेमकी पाने काढून द्यावीत. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ठाण्यात स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय मुलांना एकदा दाखवाच. शहराविषयीचे जुने लेखन कसे शोधायचे याचा धडा त्यांना तेथे मिळेल. बाकीची माहिती घरांतून येईल. प्रत्येक मुलाने आपल्या आळीतील साठीच्या पुढच्या एका माणसाला भेटून तीनच गोष्टी विचाराव्यात: येथे पूर्वी काय होते, ते केव्हा गेले आणि त्या जागी आज काय आहे. चरई-नौपाड्यात जुने वाडे आणि बैठी घरे पुनर्विकासात झपाट्याने जात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. उथळसर आणि महागिरीत वेगवेगळ्या धर्मांची वस्ती शेजारीशेजारी आहे. म्हणून माहिती गोळा करणाऱ्या गटात त्या त्या मोहल्ल्यातली मुले असतील हे पाहा, म्हणजे दारे सहज उघडतील आणि काही वावगे लिहिले जाणार नाही.

पत्रक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत करा. नकाशावर देवळे आणि चर्च यांच्याबरोबरच सार्वजनिक स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, बसायला कठडा किंवा बाक आणि सावलीची झाडे दाखवा. वयस्कर पाहुणा नेमक्या याच गोष्टींअभावी अर्ध्या वाटेतून परत फिरतो. स्थळांच्या वेळा आणि प्रवेशाचे नियम पेन्सिलीने लिहून त्या त्या ठिकाणच्या विश्वस्तांकडून तपासून घ्या. छापण्यापूर्वी कच्चा मजकूर प्रत्येक आळीतल्या दोन-तीन घरांत वाचून दाखवावा, ते जे काढायला सांगतील ते काढावे, आणि पहिल्या शंभर प्रती त्याच आळीतल्या किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत आणि रिक्षाथांब्यावर ठेवाव्यात, कारण वाट विचारणारा पाहुणा सर्वांत आधी तेथेच थांबतो.